मस, तीळ, चामखीळ काढायची आहे: उपकेंद्रावर काय सांगायचं, कुठे पाठवायचं?

उपकेंद्र_घाटंजी (समुदाय आरोग्य अधिकारी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न लागलं की इकडे सोयरिकीच्या गोष्टी सुरू होतात आणि बीपी-शुगर तपासायला आलेल्या बाया जाता जाता विचारतात, "मॅडम, पोरीच्या गालावरची मस काढाची आहे, काय लावू जी?" गावात चालणारे उपाय ठरलेले आहेत: बिबा गरम करून टोचणे, चुना-सोड्याचा ठिपका, घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, अगरबत्तीचा चटका. आता त्यात मोबाइलवरचा लसूण आला.

चार वेगवेगळ्या गोष्टी समोर आहेत, चारींना लोक 'मस'च म्हणतात:

१) मुलगी, वय २४. डाव्या गालावर लहानपणापासून तपकिरी, उंच, मऊ, साधारण ५ मिमी. वर दोन केस. लग्न फेब्रुवारीत.
२) बाई, वय ४८. मानेभोवती वीसेक बारीक लोंबत्या चामखिळी, मानेची कातडी काळपट आणि जाडसर.
३) शेतकरी, वय ५५. उजव्या टाचेवर काळा सपाट डाग, पट्टीने मोजला तर ९ मिमी, वर्षभरात वाढलेला. "काटा मोडला होता" म्हणतात. बिबा लावायच्या बेतात आहेत.
४) मुलगा, वय ११, सिकलसेल एसएस (रक्ताचा आनुवंशिक आजार, आई-वडील दोघांकडून आलेला). बोटांवर खरखरीत चामखिळी, पाच-सहा.

आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या मशिनने जाळणे), लेझर, कापून काढणे यांत फरक काय? डाग कशाने कमी राहतो? घरी करता येईल असं काही आहे का? आणि कोणाला ग्रामीण रुग्णालयात, कोणाला वर्धा-यवतमाळला पाठवायचं?

---

त्वचा_वर्धा (त्वचारोगतज्ज्ञ)

ताई, तिसऱ्या नंबरच्या काकांना आधी पाठवा. बाकीचे तिघे थांबू शकतात.

आपल्या सावळ्या लोकांत मेलॅनोमा हा कातडीचा कॅन्सर एकूण कमीच. पण होतो तेव्हा तो बहुतेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा काही संबंध नाही. टाचेवर उशिरा वयात नवा काळा डाग, ६ मिमीपेक्षा मोठा आणि वाढता, एवढं पुरे आहे. डागाचे दोन अर्धे जुळतात का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, रंग एकसारखा आहे की कुठे काळा, कुठे तपकिरी, कुठे निळसर, हे सगळं पाहायचंच. पण तळपायावर 'बदलतो आहे' हे एकच उत्तर आलं तरी थांबू नका. रक्त येणं, खाज, वर फोड धरणं या तर पुढच्या पायऱ्या झाल्या. जांघेत गाठ लागते का तेही बघून लिहा.

काट्याचं म्हणणं अगदीच खोटं ठरवायचं कारण नाही. दाबाने किंवा काट्याने साकळलेलं रक्त वरच्या मेलेल्या कातडीत असतं, ती तासली की डाग निघून येतो. पण ते काम त्वचा विभागात डर्मोस्कोपखाली (कातडी पाहायच्या भिंगाखाली) होऊ द्या. नखाखालच्या काळ्या रेघेचंही तसंच आहे. मार लागून झालेला डाग नखाबरोबर पुढे सरकतो (हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी, पायाचं जेमतेम १ मिमी). रेघ जागची हलत नसेल, रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला असेल तर तुकडा तपासल्याशिवाय गत्यंतर नाही.

असा डाग बिब्याने, चुन्याने किंवा दवाखान्यातल्या मशिननेही जाळला तर वरचा रंग जातो, खालचं वाढत राहतं आणि तपासायला तुकडाच उरत नाही. आरएफची मशिन आता तालुक्याला सुद्धा आहे आणि मशिन आहे म्हणून सगळं जाळण्याचा मोह होतो. माझा नियम सरळ आहे: ज्याबद्दल शंका आहे ते जाळायचं नाही, कापायचं आणि तपासणीसाठी बरणीत टाकायचं.

आता मुलगी. लहानपणापासून असलेला, उंच, मऊ, केसवाला तीळ म्हणजे बहुधा कातडीच्या आतल्या थरात रुतलेला साधा तीळ. केस असणं वाईट लक्षण नाही. केस उपटू मात्र नयेत, मूळ सुजून तीळ लाल होतो आणि घरचे घाबरतात. कात्रीने छाटावेत. तिच्यासाठी तीन रस्ते आहेत.

आरएफ किंवा कॉटरीने (तापलेल्या टोकाने जाळून) पृष्ठभागापर्यंत उतरवणे. इन्सुलिनच्या सिरिंजने सुन्न करणारं लिग्नोकेन २ टक्के तिळाच्या बुडाशी द्यायचं, गालाला ०.३ ते ०.५ मिली पुरतं. गोल तारेच्या टोकाने वरचा उंचवटा एका फटक्यात सपाट करायचा आणि तो तुकडा तपासणीला ठेवायचा. मग कमी पॉवरवर बारीक टोकाने थर थर उतरायचं, दर थराला ओल्या गॉजने काजळी पुसायची. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसू लागले की थांबायचं. इथेच बिघडतं. बुडाशी थोडा तपकिरी रंग दिसतो आणि 'एवढंही काढून टाकू' म्हणून हात खाली जातो, की कायमचा खड्डा पडला. उलट फार वर थांबलं तर काही महिन्यांत रंग परत येतो, केसही येतात, कारण केसाचं मूळ खोल असतं. थोडा रंग परत आला तर दुसऱ्यांदा हलका हात फिरवता येतो, खड्डा भरत नाही. म्हणून गालावर कमीच बरं. आणि हो, स्पिरिटने पुसून लगेच कॉटरी लावू नये, स्पिरिट पेटतं. पोव्हिडोन आयोडीन वापरावं किंवा पूर्ण वाळू द्यावं.

कार्बन डायऑक्साइड लेझर हेच काम जास्त नेमकेपणाने करतो, पण तुकडा न घेता थेट वाफ करून उडवला तर तपासणीला काही राहत नाही. सपाट रंगासाठी जो वेगळा क्यू-स्विच्ड लेझर असतो, तो उंच तिळाला निरुपयोगी आहे. जाहिरातीत दोन्हीला 'लेझर'च म्हणतात, म्हणून कोणता ते विचारावं. दर नगावर आहे की बैठकीवर, तेही आधीच विचारा, यावरून फार भांडणं होतात.

तिसरा रस्ता कापून टाके घालणे, त्याबद्दल सर्जन मंडळी सांगतील. गोठवणारा द्रव नायट्रोजन (उणे १९६ अंश) तिळावर मारू नये. सावळ्या कातडीवर पांढरा डाग पडतो आणि तुकडाही मिळत नाही.

लग्न फेब्रुवारीत असेल तर आत्ताच करा, निदान तीन महिने हातात हवेत. खपली ७ ते १० दिवसांत पडते, खाली गुलाबी कातडी येते, मग ती महिनाभर आजूबाजूपेक्षा काळी दिसते. या काळ्या टप्प्यात लोक घाबरून मेडिकलमधून क्रीम आणतात आणि बिघडवतात. ज्यांच्या छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचलेल्या जागी गाठाळ वण आलेला आहे, त्यांना कुठलाही उपाय करण्याआधी ते सांगायला लावा. छाती-खांद्यावरचा साधा तीळ निव्वळ दिसण्यासाठी मी शक्यतो काढत नाही, तिळापेक्षा वण मोठा होतो.

गालावर, कपाळावर दोन्हीकडे मोहरीएवढे काळे उंचवटे असतात, बहुतेकदा आई-मावशीलाही असतात. ते तीळ नव्हेत, निरुपद्रवी आहेत. फार हलक्या कॉटरीने जातात, सुई नको, सुन्न करणारं लिग्नोकेन-प्रायलोकेन मलम ४५ ते ६० मिनिटं झाकून ठेवलं की पुरे. आधी कानाजवळचे एक-दोन करून महिनाभर डाग पाहावा, मग बाकीचे.

---

सर्जन_ग्रामीण (शल्यचिकित्सक, चंद्रपूर जिल्हा)

कापण्याबद्दल एक हिशोब आधीच पेशंटला कागदावर काढून दाखवावा. ५ मिमीचा तीळ, दोन्ही बाजूंनी १ मिमी चांगली कातडी, म्हणजे रुंदी ७ मिमी. जखम सपाट मिटायची तर लांबी रुंदीच्या तिप्पट लागते, म्हणजे २१ मिमी. पाच मिलिमीटरच्या ठिपक्याच्या जागी दोन सेंटीमीटरची रेघ. ही रेघ कातडीच्या नैसर्गिक सुरकुतीत लपवली तर वर्षभरात फिकी पडते, आडवी गेली तर आयुष्यभर दिसते. तिप्पटीऐवजी दुप्पट लांबी घेतली की दोन्ही टोकांना कातडीचे कोंब उभे राहतात. ३-४ मिमीपर्यंतचा सपाट तीळ गोल पंचने (नळीसारख्या पात्याने) काढून एक-दोन टाक्यांत मिटतो, तिथे हे गणित लागत नाही.

चेहऱ्यावर ६-० नायलॉनचा बारीक धागा, टाके ५ ते ७ दिवसांत काढायचेच. उशीर झाला की टाक्यांच्या आडव्या खुणा राहतात. पाठीला १० ते १४ दिवस, तळपायाला १४. लवकर काढले तर पाठीचा वण फाकतो, आणि आपल्याकडे माणूस चौथ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेतो. हे आधी विचारून तारीख ठरवा. साधं लिग्नोकेन जपून ३ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ५० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं ७.५ मिली. अनेक तीळ एकाच बैठकीत काढताना ही मर्यादा विसरली जाते.

टाचेच्या डागाला शेव्ह (वरवर तासून काढणं) अजिबात नको. शक्य तर पूर्ण डाग २ मिमी कडेसह खालच्या चरबीपर्यंत. मेलॅनोमा निघाला तर त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून पुढचं ऑपरेशन ठरतं, वरचा अर्धा भाग खरवडून पाठवला तर जाडी कळत नाही. म्हणून हे ग्रामीण रुग्णालयात न करता थेट मेडिकल कॉलेजला.

तुकड्याची काळजी: १० टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट. स्पिरिटमध्ये किंवा सलाईनमध्ये नाही, सलाईनमध्ये तुकडा सडतो. रुंद तोंडाची बरणी घ्या, फॉर्मॅलिनमध्ये तुकडा कडक होतो आणि अरुंद तोंडातून निघत नाही. एका बरणीत एकच तीळ, नाव झाकणावर नाही, बरणीच्या अंगावर. झाकणं बदलतात. फॉर्मवर जागा, किती दिवसांपासून, आणि आधी बिबा-चुना-कॉटरी काही झालं का हे लिहावं. अर्धवट काढलेला साधा तीळ परत उगवला की सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारखा दिसू शकतो. आधीची गोष्ट माहीत नसेल तर पॅथॉलॉजिस्ट भलतंच लिहितो आणि दोष त्याचा नसतो.

पेसमेकर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचाराच. ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नये, नुसता दाब जास्त वेळ द्यावा लागतो.

आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे शासकीय दराने केसपेपर आणि तपासण्या.

---

फार्मसी_पांढरकवडा

काउंटरवरून दोनच गोष्टी सांगतो.

एक, 'मस काढायचं मलम' म्हणून जे मागतात त्यांना बहुतेक ठिकाणी गोरेपणाचं मिक्स क्रीम दिलं जातं: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. याने तीळ जात नाही. आजूबाजूची कातडी पातळ होते, तोंडावर लव वाढते, पुरळ येतात, सोडलं की लाली. स्टिरॉइड आहे, चिठ्ठीशिवाय घेऊच नये.

दोन, चामखिळीचं औषध म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड १६.७ टक्के आणि लॅक्टिक ॲसिड १६.७ टक्के, कोलोडियनमध्ये (वाळून पापुद्रा धरणारा द्रव). हे फक्त हातापायाच्या विषाणूच्या चामखिळीला. तोंड, मान, गुप्तांग आणि कुठल्याही तिळावर नाही. शुगरवाल्याच्या पायाला नाही. पद्धत: रात्री कोमट पाण्यात ५ मिनिटं भिजवायचं, जुन्या घासणीने पांढरी झालेली कातडी घासायची (ती घासणी दुसऱ्याने वापरायची नाही), भोवती व्हॅसलीनचं कडं, मग मधोमध एक थेंब, वाळू द्यायचं. रोज, ८ ते १२ आठवडे. लोक आठव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून सोडतात. दुसरी चूक म्हणजे व्हॅसलीन न लावणे, मग चांगली कातडी सोलते आणि चामखीळ तशीच. बाटली चुलीपासून लांब, पेट घेते.

चुना-सोड्याबद्दल: खायचा चुना आणि धुण्याचा सोडा ओला करून कालवला की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो, बाकीचा खडू. म्हणजे गालावर कॉस्टिकच लावला. अल्कली कातडी विरघळवत खाली जातो, सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस 'काहून जळत नाही' म्हणत आणखी लावतो.

---

उपकेंद्र_घाटंजी

खूप आभार सर. दोन-तीन गोष्टी अजून. बिबा किंवा चुना लावूनच आले तर इथे काय करायचं? मानेच्या लोंबत्या चामखिळींना दोरा बांधला तर चालतो का? मुलाच्या सिकलसेलचा काही संबंध येतो का? आणि तीळ काढल्यावर ज्या बाया कापूस वेचायला जाणारच आहेत, त्यांनी जखम कशी सांभाळायची? टाचेवाले काका वर्ध्याला जायला तयार नाहीत, ते वेगळंच.

---

त्वचा_वर्धा

चुना-सोडा: आधी कोरडी पूड झटकायची, मग वाहत्या पाण्याखाली निदान २० ते ३० मिनिटं, घड्याळ लावून. लिंबू, व्हिनेगर काही नको. डोळ्याजवळ असेल तर डोळा धुत धुतच पाठवा.

बिबा: साबण-पाण्याने धुवा, नखांतलाही काढा, नाहीतर तोच हात डोळ्याला आणि पोराबाळांना लागतो. त्याच्या तेलाने फोड तर येतातच, शिवाय ॲलर्जी एक-दोन दिवसांनी लावलेल्या जागेच्या बाहेरही पसरते. फोड फोडू नका. तोंड सुजलं, डोळे मिटले किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी रेफर. रुईचा चीक लावतात त्यांनाही हेच, तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

मानेच्या चामखिळी: देठ बारीक, २ मिमीच्या आत असेल तर निर्जंतुक बारीक कात्रीने बुडाशी छाटून दोन मिनिटं दाब द्यायचा, टाका लागत नाही. मोठ्या देठात रक्तवाहिनी असते, तिथे सुन्न करून कॉटरी. दोरा किंवा घोड्याचा केस बारीक देठालाच काम करतो, तेही चार-पाच दिवस सडून, वास येऊन. रुंद बुडाला बांधला की अर्धवट मरतो आणि पू धरतो. त्या बाईंची काळपट, जाडसर मान मात्र जास्त महत्त्वाची आहे. अशी मान आणि अशा चामखिळी सोबत दिसल्या की उपाशीपोटी शुगर, वजन, कमरेचा घेर आधी. चामखिळी काढल्या आणि शुगर तशीच राहिली तर नव्या येतात.

मुलगा: आधी खात्री करा. चामखिळीवर कातडीच्या रेषा तुटतात आणि तासल्यावर काळे ठिपके दिसतात. लहान मुलांच्या पुष्कळशा चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, म्हणून सॅलिसिलिकचं औषध आणि धीर हा पहिला उपाय. एसएस असल्याने बोटाला रबर बांधून रक्त थांबवून कापणं टाळायचं, आणि थंडीने त्रास होतो म्हणून गोठवण्यालाही मी दुसरा नंबर देतो. कुठेही पाठवताना सिकलसेलचं कार्ड सोबत.

जखम: दुसऱ्या दिवसापासून साबण-पाण्याने हलकं धुवा, टिपा, फ्युसिडिक किंवा म्युपिरोसिन मलम दिवसातून दोनदा ५ ते ७ दिवस, नंतर नुसतं व्हॅसलीन. जखम ओलसर राहिली तर वण कमी. हळद, राख, कोरडी पावडर नको. खपली नखाने काढली तर खड्डा नक्की. कापूस वेचताना धूळ आणि घाम, म्हणून पहिला आठवडा कागदी पट्टीने झाकलेलं, बाहेरून दुपट्टा दुहेरी करून. खपली पडल्यावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, तोंड आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, दर दोन-तीन तासांनी, तीन महिने. हे कोणी पाळणार नाही हे मला माहीत आहे, पण दुपट्टा पाळतात आणि तो सुती, गडद असेल तर बरंच काम करतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ अंशाच्या उन्हात दिसण्यासाठीचा तीळ काढूच नये. ऑक्टोबर ते जानेवारी हाच काळ.

काकांसाठी: ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ला सेवा) आजच त्वचारोगतज्ज्ञांना फोटो दाखवा. टाच धुऊन, दाराशी सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद. एक फोटो एक फूट अंतरावरून, एक जवळून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. वर्ध्याला नाही तर यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयात तरी, वर्ध्याकडच्या सेवाग्राम-सावंगीच्या मेडिकल कॉलेजांपेक्षा तुम्हाला ते जवळ. चिठ्ठीवर नुसतं 'चामखीळ' लिहू नका, ओपीडीच्या गर्दीत ती जाळून घरी पाठवली जाईल. 'टाचेवर वर्षभरात वाढलेला काळा डाग, ९ मिमी, मेलॅनोमा नाही याची खात्री करावी, जाळू नये' असं लिहा, आणि जांघेत गाठ आहे की नाही तेही त्याच ओळीत.